पेटीतली गांडुळं झाकणावर का चढतात?

प्रश्न : गॅलरीत मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात गांडूळखत करायला लागून सहा महिने झाले. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. हल्ली मात्र डबा उघडला की आंबट, कुजका वास येतो आणि चिलटं अंगावर येतात. आत दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे दिसतात. ती गांडुळांची पिल्लं असावीत असं मला वाटतंय. मोठी गांडुळं झाकणाला आतून चिकटून बसतात, काही मेलेलीही सापडतात. स्वयंपाकघरातला ओला कचरा मी रोज न चुकता घालते, त्यांना कमी पडू देत नाही. डब्याखाली साठलेलं काळं पाणी कुंड्यांना घातलं, तर पानं कडेनं करपली. थोडी गांडुळं कुंड्यांत सोडली होती, तीही दिसेनाशी झाली. घरातले म्हणतात, फेकून दे सगळं. शिवाय पुढच्या महिन्यात तीन आठवडे आम्ही घरी नसणार. काय करू?

उत्तर : फेकू तर मुळीच नका. डब्यात जिवंत गांडुळं अजून आहेत, आणि तुम्हाला दिसले नसले तरी त्यांचे कोषही त्या मालात असणारच. वास, चिलटं, झाकणावरची गर्दी, करपलेली पानं ही वेगवेगळी दुखणी वाटतात खरी, पण त्यांचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्याच वाक्यात आलं आहे : रोज न चुकता घालते, कमी पडू देत नाही. त्यांची उपासमार होऊ नये ही तुमची काळजी मला मनापासून आवडली. पण गांडुळांना किती घालायचं, हे घरात कचरा किती निघाला त्यावरून ठरवायचं नसतं. आधी घातलेल्यातलं किती संपलं, ते बघून ठरवायचं असतं. एवढा एक हिशेब बदललात, तर तुमचा डबा महिन्याभरात ताळ्यावर येईल.

गांडुळाला दात नसतात. आपण टाकलेली ताजी साल ते कुरतडू शकत नाही. साल आधी मऊ पडते, तिच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि तो जिवाणूंनी भरलेला लगदा गांडूळ गिळतं. पुढे त्याच्या पोटातल्या पेषणीत मातीच्या बारीक खड्यांबरोबर तो दळला जातो. म्हणजे आपण अन्न घातलं तो दिवस आणि ते खाण्याजोगं झालं तो दिवस, यात बरंच अंतर असतं. तेवढा वेळ न देता रोज वर नवा थर पडत गेला, की जिवाणूच आतला सगळा प्राणवायू संपवतात. मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं, आम्लं तयार होतात आणि आंबट वास सुटतो. भाज्या-फळांच्या सालींमध्ये वजनानं बहुतेक पाणीच असतं. प्लॅस्टिकच्या डब्यात ते उडून जायला वाव नसतो, ते झिरपून तळाशी साचतं.

आणि गांडूळ श्वास घेतं ते त्वचेतून. त्वचा सतत ओली हवी, पण त्या ओलाव्यापर्यंत हवाही पोचायला हवी. पाण्यानं भरलेल्या आंबट थरात ते गुदमरतं, म्हणून मिळेल त्या वाटेनं वर चढतं. झाकणावर बसलेली तुमची गांडुळं हवा शोधत आहेत. (अगदी नव्या डब्यात पहिले काही दिवस किंवा पावसाळी हवेत थोडी गांडुळं भिंतीवर फिरतात, त्याची चिंता नको. सगळीच्या सगळी वर आली तर मात्र खाली नक्की काहीतरी बिघडलं आहे.)

ते पांढरे किडे पिल्लं नाहीत. ते गांडुळांचेच लांबचे भाऊबंद आहेत, एन्किट्रिड नावाचे. बागकाम करणारे त्यांना कुंडीकिडे म्हणतात. ते गांडुळांना काही करत नाहीत, पण ओल आणि आंबटपणा वाढला की त्यांची संख्या फुगते. त्यामुळे त्यांची गर्दी दिसली की माल आंबट झाला आहे असं समजावं. गांडुळाचं पिल्लू ओळखायचं असेल तर एक चिमूटभर खत पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंग धरा. पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर, जवळजवळ पारदर्शक असतं, पण त्याच्या अंगातून गेलेली लाल रक्तवाहिनी स्पष्ट दिसते. कुंडीकिडा डोक्यापासून शेपटीपर्यंत नुसता पांढरा. त्याच चिमटीत कदाचित तीन-चार मिलिमीटरचे, दोन्ही टोकांना निमुळते असे पिवळसर मणी सापडतील. ते कोष. पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली की ते लालसर तपकिरी होतात. कंपोस्टच्या लाल गांडुळांच्या एका कोषातून सहसा दोन ते चार पिल्लं निघतात, तीन-चार आठवड्यांत. आणि पुढे साधारण दीड-दोन महिन्यांत ती स्वतः कोष घालायला लागतात. म्हणूनच माल फेकू नका असं मी इतक्या आग्रहानं सांगते आहे. बरीच गांडुळं मेली असली तरी पुढची पिढी त्या घाणेरड्या दिसणाऱ्या मालातच आहे.

आता आजच करायचं काम. खाऊ घालणं पूर्ण बंद. हातमोजे घालून वरचं न कुजलेलं, ओळखू येणारं अन्न काढून टाका. ते रिकाम्या कुंडीत मातीखाली पुरलंत तरी चालेल. तळाची छिद्रं तपासा, बहुतेक बुजलेली असतील, ती मोकळी करा आणि डबा विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवा. मग हातानं किंवा लहान पंजानं सगळा माल तळापासून हलकेच मोकळा करा. फावडं चालवू नका. गांडुळाचे दोन तुकडे झाले तर दोन गांडुळं होतात असा समज आहे, तो खोटा आहे. डोक्याकडचा भाग कधीकधी जगतो, शेपटीकडचा मरतो.

मोकळ्या केलेल्या मालात कोरडं साहित्य भरपूर मिसळा : फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, खोक्यांचा जाड तपकिरी पुठ्ठा, वाळका पालापाचोळा. गुळगुळीत चकाकणारा रंगीत कागद नको. भरपूर म्हणजे खरोखर भरपूर, आत्ताच्या मालाच्या निम्म्या आकारमानाइतकं. मूठभर अंड्यांची टरफलं धुऊन, वाळवून, पूड करून घाला. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्ल हळूहळू मारतं आणि न विरघळलेले कण पेषणीच्याही कामी येतात. घाईनं चुना मात्र टाकू नका, गांडुळांची त्वचा भाजते. पहिल्या दोन-तीन रात्री झाकण थोडं उघडं ठेवा आणि जवळ दिवा लावून ठेवा. उजेड त्यांना नको असतो, त्यामुळे डबा सोडून जाण्यापेक्षा ती खाली उतरणं पसंत करतील.

काही दिवसांनी मूठभर माल हातात घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून एखाद-दोन थेंब आले तर ओलावा बरोबर. धार लागली तर आणखी कोरडा कागद हवा. काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल भुरभुरला, तर पाण्याचा हबका मारायचा. डब्याची तब्येत सांगणारं याहून भरवशाचं साधन मला माहीत नाही. रोज झाकण उघडून काळजी करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ही मूठ दाबून पाहा. वास पावसानंतरच्या मातीसारखा झाला की डबा सुधारला.

मगच खायला घाला, आणि तेही थोडं. चांगल्या रुळलेल्या डब्यात एक किलो गांडुळं दिवसाला अर्धा किलोपर्यंत संपवू शकतात, हा आकडा तुम्ही कुठेतरी ऐकला असेल. तो अगदी आदर्श परिस्थितीतला आहे. तुम्ही त्याच्या निम्म्यानं, शक्य तर त्याहूनही कमीनं सुरुवात करा. आठवड्यातून दोनदा, दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात, बारीक चिरून, आणि वर पाच सेंटिमीटर तरी कागद-पाचोळ्याचा थर. एक वाटी अन्नाला किमान एक वाटी फाडलेला कोरडा कागद, हे प्रमाण सोडू नका. अन्नातून नत्र मिळतं, कागदातून कर्ब, आणि कागद हवेसाठी पोकळीही राखतो. पहिल्या कोपऱ्यातलं जवळपास दिसेनासं होईपर्यंत दुसरा घास नाही. जास्तीचा कचरा निघतोच, तो फ्रीजरमध्ये ठेवा. गोठून वितळलेली साल लवकर मऊ पडते आणि तिच्यावरची चिलटांची अंडीही मरतात. तरीही उरलाच, तर शेजारी साधं कंपोस्ट करायला दुसरा डबा ठेवा. सगळ्या घराचा ओला कचरा एका गांडूळपेटीनं रिचवावा ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि माझ्या मते बहुतेक पेट्या त्या एका अपेक्षेपायी बंद पडतात.

काय घालू नये हेही सांगते. तेलकट, खारट, मसाल्याचं शिजवलेलं अन्न, मांस-मासे, दुधाचे पदार्थ नकोत. लिंबूवर्गीय साली, कांदा-लसूण थोडे चालतात, ढीग नको. पिठूळ पदार्थ आणि कडधान्यं-डाळी यांच्याबाबतीत विशेष जपा. ते भरपूर पडले की आंबतात, गांडुळाच्या पोटात वायू धरतो आणि अंगावर ठिकठिकाणी गाठी येऊन ते मण्यांच्या माळेसारखं दिसायला लागतं. तुम्हाला सापडलेल्या मेलेल्या गांडुळांपैकी काही अशी दिसत होती का, आठवून पाहा. जनावरांचं शेण वापरत असाल तर ते जुनं, थंड झालेलं हवं, आणि त्या जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलेलं नसावं. त्या औषधांचा अंश शेणातून उतरतो आणि गांडुळांना बाधतो. कुत्र्या-मांजरांची विष्ठा अजिबात नको. गांडूळखत साध्या कंपोस्टसारखं तापत नाही, त्यामुळे त्यात रोगजंतू मरतील याची खात्री नसते. त्याच कारणानं टोमॅटो-भोपळ्याच्या बियाही जिवंत राहतात आणि नंतर कुंड्यांत उगवतात. रोगट झाडाचे अवशेषही दूरच ठेवा.

तापमानाकडेही लक्ष असू द्या. लाल गांडुळांना १५ ते २५ अंश सेल्सियस मानवतं. तिशीच्या पुढे ती कोमेजतात, पस्तिशीला मरायला लागतात. ओल्या अन्नाचा जाड थर आतल्या आत तापतो, म्हणूनही थर पातळ हवा. उन्हात डबा कधीच नाही. आणि कपडे धुण्याचं यंत्र किंवा पंप यांच्या शेजारी ठेवला असेल तर हलवा. चार्ल्स डार्विन यांनी घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळून निरीक्षणं केली होती. मोठ्या आवाजांची त्यांनी दखल घेतली नाही, पण कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवल्याबरोबर ती बिळात शिरली. कान नसले तरी हादरे त्यांना चांगले कळतात. तांबड्या काचेतून पडलेल्या उजेडाला मात्र ती फारशी बुजली नाहीत, असंही त्यांनी नोंदवलं आहे. टॉर्चवर तांबडा कागद बांधून रात्री हळूच झाकण उघडा. वरच्या थरात त्यांची जी लगबग चालते ती दिवसा कधीच बघायला मिळत नाही, आणि एकदा ती पाहिली की फेकून द्या म्हणणारे घरातलेही बदलतील असा माझा विश्वास आहे.

चिलटं अन्न पुरल्यावर आणि वर कागद घातल्यावर आपोआप कमी होतील. मुंग्या आल्या तर माल कोरडा पडला आहे असं समजा. पाणी शिंपडा आणि डब्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. टुणकन उडणारे बारीक पांढुरके कीटक निरुपद्रवी आहेत. गोम दिसली तर उचलून बाहेर टाका, ती गांडुळं खाते. कीटकनाशक कशावरच नको.

आता काळ्या पाण्याबद्दल. डब्याच्या तळाशी साचतं ते अर्धवट कुजलेल्या अन्नातून झिरपलेलं पाणी. त्यात क्षार असतात, सेंद्रिय आम्लं असतात, कधी अमोनिया असतो. तुमच्या रोपांची पानं कडेनं करपली ती बहुधा यामुळेच. त्या कुंड्यांना दोन-तीनदा भरपूर साधं पाणी देऊन ते खालून वाहून जाऊ द्या, नवी पानं चांगली येतील. वर्मीवॉश म्हणतात ते वेगळं असतं. गांडुळांच्या चांगल्या चालत्या थरातून स्वच्छ पाणी मुद्दाम हळूहळू गाळून ते काढतात. तुमच्या डब्यातलं झिरपलेलं पाणी वापरायचंच असेल तर दहापट पाणी मिसळून फक्त शोभेच्या झाडांच्या मातीत घाला, पानांवर नाही आणि खाण्याच्या भाज्यांना तर नाहीच. कुजका वास असेल तर सरळ टाकून द्या. ओलावा नीट राखलेल्या डब्यातून असं पाणी फारसं निघतच नाही. झाडांना द्रवरूप खत द्यायचं असेल तर तयार गांडूळखताची एक-दोन मुठी बादलीभर पाण्यात ढवळा, गाळा आणि त्याच दिवशी घालून संपवा.

सहा महिन्यांच्या तुमच्या डब्यात तळाशी तयार खत नक्की असेल, आणि ते आता काढायलाच हवं. निव्वळ स्वतःच्या विष्ठेत गांडुळं फार काळ चांगली राहत नाहीत. डबा सुधारला की एका सकाळी प्लॅस्टिकच्या कागदावर, चांगल्या उजेडात पण उन्हात नव्हे, मालाचे लहान लहान निमुळते ढीग करा. दहा मिनिटं थांबा. गांडुळं उजेड टाळून आत सरकतात. ढिगाचं वरचं आणि कडेचं खत बोटांनी हलकेच खरवडून घ्या, पुन्हा थांबा, पुन्हा खरवडा. शेवटी तळाशी गांडुळांचा एक ओला गोळा उरतो, तो नव्या कागद-पाचोळ्याच्या अंथरुणावर ठेवायचा. काढलेल्या खतात कोष राहून जातात. ते आठवडाभर डब्यात निवडून टाकण्याइतका धीर असेल तर जरूर निवडा, नसला तरी फार बिघडत नाही.

खत घालतानाही हात राखून. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपांवर बरेच प्रयोग केले. त्यांत कुंडीतल्या मिश्रणाच्या १० ते ४० टक्के गांडूळखत असताना रोपं सर्वांत चांगली वाढली. त्याहून जास्त घालून फायदा वाढला नाही, काही वेळा उलट वाढ मंदावली. घरच्या बागेत मी पाचवा हिस्सा हे माप सुचवते, बी पेरायच्या मिश्रणात दहावा. लावून झालेल्या कुंडीत वरची दोन सेंटिमीटर माती उकरा, तिथे खताचा बोटभर थर द्या आणि पाचोळ्यानं झाका, कारण उघडं पडून वाळलं की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. साठवायचं असेल तर दमट, सावलीत, हवा खेळेल अशा पिशवीत. नत्र त्यात फार नसतं, साधारण एक ते दोन टक्के. खादाड भाज्यांना जोडीला आणखी खत द्यावं लागेल. गांडूळखताचा खरा गुण मातीचा पोत, ओलावा धरण्याची ताकद आणि जिवाणूंची समृद्धी हा आहे.

कुंड्यांत सोडलेल्या गांडुळांचं काय झालं? फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बूशे यांनी १९७० च्या दशकात गांडुळांचे राहणीवरून तीन गट केले : पृष्ठभागावरच्या कुजत्या थरात राहणारी, जमिनीत उभी खोल बिळं करणारी आणि मातीच्या आत आडवी फिरणारी. पेटीतली पहिल्या गटातली. कुंडीतली नुसती माती, तिची ऊब आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही, खायलाही काही मिळत नाही. ती गेली किंवा मेली. यापुढे त्यांना पेटीतच ठेवा, झाडांना फक्त खत द्या. गांडुळं फार वाढली तर दुसऱ्या कुणाची पेटी सुरू करून द्या. रानात सोडू नका. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या जंगलांत मूळची गांडुळं नव्हती. माणसांबरोबर आलेल्या गांडुळांनी तिथला पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकला आणि त्यावर जगणाऱ्या रोपट्यांची वाताहत झाली.

राहिले तुमचे तीन आठवडे. हातात महिनाभर आहे, तोवर डबा सुधारेल. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी नेहमीइतकाच घास घाला. मागे कमी पडेल म्हणून जास्त घालायचा मोह होईल, तो आवरा. वर ओल्या करून पिळलेल्या कागदाचा आणि पाचोळ्याचा हातभर नव्हे, पण चांगला वीतभर थर द्या, त्यावर ओलं गोणपाट टाका आणि डबा घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या जागी ठेवा. गांडुळं तो कागद आणि पाचोळाच हळूहळू खात राहतात. कुणाला खाऊ घालायला सांगून जाऊ नका. फारच उकाडा असेल तर गोणपाटावर आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायला तेवढं सांगा. परत आल्यावर आधी मूठ दाबून ओलावा बघा, लागेल तसं पाणी किंवा कागद घाला, आणि दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात वाटीभर अन्न पुरा.